दमलेल्या पेशी

हॅलो? … हो, बोला. … कुठली इमारत? … हॅलो? जरा मोठ्याने बोला हो, आवाज तुटतोय. लिफ्टमध्ये कोणी अडकलंय का? तेवढं आधी सांगा. …

नाही? लिफ्टचं नाही? …

मग कोण बोलतंय? … हो, नंबर त्यांचाच आहे, बरोबर लागलाय. मी काकू बोलतेय. …

अगंबाई! पेशीबाई! … अगं, आवाजच नाही ओळखला तुझा. कधी आलीस परत लॅबमध्ये कामावर? … कालच? आणि काय झालं तुला? … मुलगी! वा वा! … तीच का गं मागे कुरकुरतेय? … घरूनच बोलतेयस होय. … हो, हो, पहिले काही महिने झोप विसरायची. …

नाही गं, कामात कसली. बसलेच होते. …

काका? …

काका ना… हं. तू बोल ना, काय म्हणत होतीस? … त्यांनाच सांगायचंय? अगं, मला सांग की. … हो. हो, सांगते मी त्यांना. …

थांब, थांब, सावकाश. मला त्यांच्याइतकं नाही कळत त्यातलं. … हां, शेवटचं रक्त. तू रजेवर जायच्या आधी घेतलेलं. … बरं. … हो, ते माहितीये. त्या सी काविळीच्या व्हायरसशी भांडून भांडून पांढऱ्या पेशी दमलेल्या. … आणि व्हायरस गोळ्यांनी गेला. … हो. मग? …

उठल्या? …

त्यांच्या पेशी उठल्या? …

नाही नाही, ऐकतेय. … ऐकतेय मी, फोन चालू आहे. … खूश होतील? हो, म्हणजे… झाले असते गं…

पेशीबाई, अगं ऐक ना. … अगं ऐक ना माझं, थांब जरा. बाळ कडेवर आहे का? … मग खाली ठेव तिला आधी. … असू दे रडू दे मिनिटभर. ठेव म्हणते ना. … ठेवलंस? …

काका गेले. …

गेले, बाळा. … हो. … तू रजेवर गेलीस, त्यानंतर थोड्याच दिवसांत. … अगं, तुला कोण सांगणार होतं? डायलिसिस सेंटरवरच्या सिस्टरना मीच बजावलं होतं, तिला एवढ्यात कळवू नका, दिवस भरत आलेत पोरीचे. नंतर कुणाच्या डोक्यातूनच गेलं असेल. …

नको रडूस. … बरं, रड. रड थोडी. मी आहे इथे. …

…

हा फोन? अगं, चालूच ठेवलाय मी. रोज चार्ज करते. त्यांचा नंबर निम्म्या गावाच्या लिफ्टमध्ये चिकटवलेला आहे ना. परवाच एक बाई अडकल्या होत्या, चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये. मला म्हणतात, भाऊंना लवकर पाठवा हो, मला घाम फुटलाय. … नाही, म्हटलं नाही मी तिला, गेले म्हणून. अंधारात लोंबकळणाऱ्या माणसाला असलं सांगतात का? म्हटलं, पाठवते, तुम्ही खाली बसा आणि दाराला हात लावू नका. आणि यांच्या त्या जुन्या जोडीदाराला फोन केला. तो जातो आता. … हसलीस? हस. त्यांनाही हसू आलं असतं. …

कसं म्हणजे… सांगते. तुला नाही सांगायचं तर कुणाला? बाकी सगळ्यांना दोन वाक्यांत आटपलंय मी. …

तुला आठवतं ना, तू रक्त घ्यायला पहिल्यांदा आलीस तेव्हा हे तुझ्याशी बोललेच नव्हते? … हो, भिंतीकडे तोंड करून. तो राग तुझ्यावर नव्हता गं. त्याआधी मोठ्या हॉलमध्ये असायचे ना, खिडकीजवळच्या खुर्चीवर. सगळ्या हॉलला हसवायचे. कुणाचं मशीन बीप करायला लागलं की हे ओरडायचे, ओव्हरलोड, एकाने उतरा! … हो ना. आणि मग एकदा तपासणीत ती सी निघाली, आणि पुढच्या खेपेपासून कोपऱ्यातली खोली. वेगळं मशीन, लावलेलं दार. इतरांना होऊ नये म्हणून, बरोबरच आहे. पण चार-चार तास नुसती भिंत बघायची गं. घरी वन्सं आल्या की यांचा कप वेगळा काढून ठेवायच्या. कपाने होत नाही हो, रक्ताने होतं, म्हणून डॉक्टरांनी दहादा सांगून झालं. तरी वेगळाच. त्या गेल्या की हे मला म्हणायचे, जन्मभर लोकांना लिफ्टमधून बाहेर काढलं, आता मी दोन मजल्यांच्या मध्ये बसलोय. …

तुला नाही म्हणाले? मला म्हणाले होते. …

आणि मग तू. मशीनच्या नळीतूनच रक्त घेते, वेगळी सुई टोचणार नाही, म्हणालीस म्हणून कसेबसे तयार झाले. त्या दिवशी घरी आले ते चपला काढता काढता सांगायला लागले. म्हणे, एक पोरगी आली होती पेशी मोजायला. ती म्हणते, काका, तुमच्या पेशी आळशी नाहीयेत, दमल्यात. …

हो, हेच. हाच शब्द तुझा. … अगं, तुला कल्पना नाही किती बरं वाटलं त्यांना! लोक काय म्हणायचे? काही नाही हो, आडवे पडून तर असतात. आणि इथे कुणीतरी शिकलेलं सांगतंय, आळशी नाही, दमलेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. कामावर हजर आहेत, म्हणायचे, पण हात उचलत नाही बिचाऱ्यांचा. एक तर किडनी बंद म्हणून रक्तात घाण, त्यात हा पाहुणा व्हायरस, उठायचं नाव घेत नाही. करणार काय त्या? … तुझंच सगळं, तिखटमीठ लावून. तुझं नावही तेव्हाच पडलं. पेशीबाई येणार आज, दाढी करून जातो, म्हणायचे. …

एक मिनिट हं. … काय गं? … नाही, तो नको देऊस. निळा दे, बाकीचे दे, तो चौकटीचा राहू दे. … फोनवर आहे ना मी. …

लेक आलीये माझी. यांचे शर्ट बघतेय. कपाट उघडलं की एक जण रडतं, म्हणून आळीपाळीने करतोय. … हो, आहे अजून आठवडाभर. …

कुठे होते मी? … हां. गोळ्यांनी व्हायरस गेला. तू होतीसच तेव्हा. डॉक्टरांनी पुन्हा-पुन्हा तपासलं आणि मग परत हॉलमध्ये आणलं. तुला सांगते, त्यांची खिडकीजवळची खुर्ची त्या सगळ्यांनी अडवून ठेवली होती. नवीन कुणाला बसूच दिलं नाही. हे आत शिरले, खुर्ची पाहिली. नुसते जाऊन बसले आणि हात पुढे केला सुईसाठी. …

आणि मग किडनी बदलायचं निघालं परत. सी होती तोवर अडलं होतं ते. माझी जुळली. … हो, माझी. तुला शेवटी-शेवटी सांगत होते ना? … आधी नाहीच म्हणायचे. म्हणे, तुझी काढून माझ्यात घालायची, आणि मग तू मला जन्मभर ऐकवायचं? म्हटलं, हो, ऐकवणार. त्यासाठीच तर देतेय. … हसले गं. मग सही केली. तारीख ठरली. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, बॅगसुद्धा भरायला घेतली मी. यांनी पहिल्यांदा काय करायचं तेही ठरवलं होतं. घटाघट पाणी प्यायचं. डायलिसिसवर असतं तसं मोजून-मापून नाही, तांब्या तोंडाला लावून. …

हो. …

मग एक दिवस उठलेच नाहीत लवकर. दमलोय म्हणाले. ते नेहमीचंच ना. खोकला होता थोडा. मी ताप बघितला, नव्हता. संध्याकाळी बघितला, नव्हता. जेवले नाहीत धड. परत थर्मामीटर लावला, नाही. मला हायसं वाटायचं दर वेळी. लेकीला फोनवर सांगितलं, काही नाही गं, ताप नाहीये. यांनाही तेच. ताप नाहीये हो तुम्हाला. आणि हे म्हणायचे, बरं. …

नंतर डॉक्टर म्हणाले, डायलिसिसच्या माणसाला कधी कधी ताप चढतच नाही. ताप चढायलासुद्धा आतून कुणीतरी उठावं लागतं. … हो ना? तूही तेच म्हणशील. …

नाही गं, माझं चुकलं म्हणून नाही सांगत. कुणालाच नाही कळलं. घरात डॉक्टर असता तरी नसतं कळलं कदाचित. जसं झालं तसं सांगतेय तुला. …

डायलिसिसला घेऊन गेले तिसऱ्या दिवशी. खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. सिस्टर सुई लावायला आल्या तर हे काहीतरी असंबद्ध बोलायला लागले. मजले मोजत होते. तिसरा आला, चौथा आला… सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं आणि धावल्याच. दोन्ही फुप्फुसं भरली होती न्यूमोनियाने. ताप नाही काही नाही, आणि आत एवढं. … मग आयसीयू. मग नळ्या. मला आत सोडायचे थोडा थोडा वेळ. मी जायचे आणि ऐकवायचे त्यांना, तारीख जवळ आलीये, उठा, मी उपाशी राहून तपासण्या केल्यात, फुकट घालवू नका. …

नाही. डोळे नाही उघडले. …

नाही, बोल तू. मी पाणी पितेय. …

माहितीये का, ऑपरेशनची तारीख होती ना, त्या दिवशी त्या हॉस्पिटलमधून फोन आला. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. म्हणे, तुम्ही ॲडमिट व्हायला कधी येताय? मी म्हटलं, मी येऊन काय करू एकटी? … दोन्ही आहेत गं माझ्याजवळ. दोन्ही किडन्या. अगदी छान चालतात म्हणाले होते. … काय करू मी त्यांचं, सांग? … रात्र-दिवस चालतायत आपल्या. …

हं. …

नाही, ठीक आहे मी. वन्सं येतात. पहिल्या दिवशी आल्या त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या, तो वेगळा कप फडताळातून काढला, त्यात चहा ओतून घेतला आणि ओट्यापाशी उभ्या राहून प्यायल्या. मी बघत राहिले. आता येतात तेव्हा त्यातच पितात. …

पेशीबाई, मला आता एक सांग. खरं सांगायचं, काकूला बरं वाटावं म्हणून नाही. … उठल्या होत्या म्हणालीस ना? शेवटच्या रक्तात? … मग? … मग का नाही आल्या गं धावून? …

…

हं. … हं. … म्हणजे दोन वेगवेगळे थकवे? … व्हायरसने आलेला उतरला होता. उतरत होता. … आणि किडनीचा? … तो तसाच. … म्हणजे त्याला नवीन किडनीच हवी होती. … माझी. …

नाही, बरं केलंस सांगितलंस. … नाही गं, खोटं बोलली असतीस तर कळलं असतं मला. बरं केलंस. … उठत होत्या, पण अर्ध्याच. अंथरुणात उठून बसल्या होत्या, पाय खाली टेकायचे होते अजून. असंच ना? … हं. …

घे, घे तिला. किती वेळची रडतेय. … पाज तू, मी थांबते. … नाही, मला काही घाई नाही. …

…

घेतलं का? … काय आवाज काढते गं गिळताना! … हो, ऐकू येतंय इथपर्यंत. …

अजून काय विचारायचंय? विचार ना. … असं चाचरत का बोलतेस? … त्यांच्या रक्ताचं? … एक नळी उरलीये? … बरं, मग? … आमची परवानगी कशाला? त्यांनी दिली होती ना? … हो, पण ते गेल्यावर घरच्यांना विचारायचं, असं. … मग वापर की. एवढं काय…

काय म्हणालीस? …

नाही, परत सांग. …

जिवंत? …

म्हणजे… आत्ता? … यांच्या पेशी. आत्ता, या घटकेला, तिथे तुमच्याकडे… जिवंत आहेत? …

…

थांब. बोलू नकोस जरा. …

…

आहे मी. … आहे. … अगं, मी इथे त्यांचे शर्ट वाटतेय आणि तू म्हणतेस… नाही, तुझ्यावर नाही चिडले. कुणावर चिडू? … किती आहेत? … लाख? … लाखो! … आणि काय करतायत त्या? … झोपल्यासारख्या. बरं. … आणि बाहेर काढल्या की जाग्या होतात. … आणि मग? … दोन-तीन दिवस? तुझी तपासणी होईपर्यंत. … आणि नंतर मरतात. …

नको. …

नको गं. राहू देत तशाच. … मला माहितीये तुझं काम आहे. मला माहितीये सगळं. पण राहू देत. … तू म्हणालीस ना मी नाही म्हणू शकते? मग नाही. … हो. … हो, थँक्यू. …

राहतील ना नीट? किती वर्षं राहतात? … एवढी? … कुठे ठेवल्यात? फ्रिजमध्ये का? … त्याहून थंड? … म्हणजे बर्फात? … बर्फाहून? … किती? …

उणे… देवा. …

अगं, पेशीबाई, त्यांना थंडी किती वाजायची! … मशीनवर बसले की दात वाजायचे त्यांचे. रक्त बाहेर फिरून येतं ना, गार होऊन. दोन-दोन स्वेटर, वर माझी शाल, पायात मोजे, तरी मला म्हणायचे, हात दे गं तुझा. हॉलमध्ये परत आल्यापासून मी चारही तास हात धरून बसायचे, तो एक हात तरी ऊन राहावा म्हणून. …

…

काढ बाहेर. …

हो. काढ. … नाही, विचार केला. झाला करून. … तिथे नको ठेवूस त्यांना. काढ आणि तुझं काय ते काम कर. … अगं, रडतेय म्हणजे काय, रडणारच ना मी. पण काढ. …

उबदार असतं का तिथे, काढल्यावर? … अंगाइतकं? माणसाच्या अंगाइतकं ऊन? … बरं. … हे बरं आहे. …

ऐक, बघता येतात का त्या? … डोळ्यांनी नाही, ते ठाऊक आहे गं मला. तुमच्या त्या दुर्बिणीतून. … मला कळेल? कशा दिसतात? … गोल. … आणि कुठली जिवंत, कुठली गेलेली, ते कसं ओळखायचं? … रंग टाकतात. … मेलेली असली की रंग आत शिरतो, निळी पडते. …

हं. निळं बघितलंय मी, आयसीयूत. …

आणि जिवंत? … ती शिरूच देत नाही रंगाला. … चमकते? … खरंच चमकते? …

मी येऊ? …

चालेल का पण? तुझे साहेब काही म्हणणार नाहीत? … नक्की? … कधी काढणार तू? … सोमवारी. सकाळी. … हो, येते. लेकीलाही आणते, ती आहे तोवर. … रस्ता माहितीये गं, सेंटरच्या मागची इमारत. … चालत येऊ आम्ही. …

आणि… पेशीबाई, तिथे काय करायचं असतं? म्हणजे काही बोलायचं वगैरे… नाही ना ऐकू येत त्यांना काही. वेडी आहे मी. … नुसतं वाकून बघायचं? … एका डोळ्याने? … बरं. नुसतं बघीन. …

किती वेळ बघू देशील? …

हवा तेवढा? …

झोपली का ती? … मग ठेव आता फोन, तूही पड जरा. … हो, जेवते. … हो गं, जेवते म्हटलं ना. … ठेव. … नाही, तू ठेव आधी. … अगं, मला नाही ठेवता येत, तूच ठेव. …